फॉर्मवरचं ‘नाही’

प्रकरण एकोणीस

दुसरा रिपोर्ट आला त्या रविवारी घरात मटण आणलं गेलं नाही. गंगावेशीतल्या त्या अरुंद गल्लीत ही गोष्ट लपणारी नव्हती. शेजारचा आकाराम दोनदा दारावरून जाताना आत डोकावला आणि तिसऱ्या वेळी त्यानं विचारलंच.

"काय जयसिंगराव, उपास हाय काय?"

"पोट बिघडलंय," जयसिंग म्हणाला.

"सगळ्यांचं?"

जयसिंगनं दार लोटून घेतलं.

दुपारचे दोन वाजले असतील. म्हशी उभ्या करून ताजं दूध पाजायचा सकाळचा दूधकट्टा आटपला होता आणि संध्याकाळच्या धारांना अवकाश होता. या घरातल्या माणसांना एकमेकांच्या समोर बसायला दिवसातला एवढाच वेळ मिळे, आणि गेले तीन महिने तोही ती टाळत आली होती. आज टाळता येण्यासारखं नव्हतं. बायडाबाई मधल्या खोलीत कॉटवर बसल्या होत्या. त्यांचा धाकटा मुलगा सयाजी गोठ्याकडच्या उंबऱ्यावर टेकला होता, म्हणजे धड घरात नाही आणि धड बाहेर नाही. जयसिंगचा मुलगा सूरज जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर होता. जयसिंगची बायको मीनाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि तिच्या मागं ओट्याला टेकून एक भरलेली पिशवी होती. ती पिशवी सकाळपासून सर्वांनी पाहिली होती. तिच्याबद्दल कुणी एक शब्द काढला नव्हता.

संयोगितेनं लिफाफा फोडला. सयाजीची ही बायको शाळेत विज्ञान शिकवायची, त्यामुळं घरातले इंग्रजी कागद वाचायचं काम तिच्याकडं असे. लिफाफा फोडताना ती उगाच चष्मा सारखा करत होती. हे सगळं तिच्या एका वाक्यापासून सुरू झालं होतं, हे तिला कुणी ऐकवलं नव्हतं, पण ते तिला पक्कं माहीत होतं.

शिवजयंतीला तालमीत रक्तदानाचं शिबिर झालं. जयसिंगचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघाल्यामुळं त्याचं रक्त घेतलं नाही, पण बोटाला टोचून रक्तगट मात्र तपासला आणि कार्ड दिलं. त्याचा गट एबी. सूरजचं कार्ड ओ. दोन्ही कार्डं फ्रिजवर पडली होती आणि संयोगिता नववीच्या वर्गात बोलावं तसं सहज बोलून गेली, "एबी बापाचं पोर ओ होत नाही." कुणीतरी का म्हणून विचारलं, तर तिनं तेही सांगितलं. एबी माणसाला एका बाजूनं ए आलेला असतो आणि दुसऱ्या बाजूनं बी. मुलाला द्यायला त्याच्यापाशी हे दोनच. ओ मुलाकडं तर दोन्ही नसतात. मग बापानं त्याला दिलं काय?

तिचं काही चुकलं नव्हतं. वाईट तेवढंच होतं.

जयसिंग तेव्हा हसला होता. पण त्या दिवसापासून तो सूरजकडं निराळ्या नजरेनं पाहू लागला. रेडकू बघून रेडा सांगतो मी, अशी त्याची कट्ट्यावर ख्याती होती. सूरजची चाल सयाजीसारखी होती, मान सयाजीसारखी होती, हे सगळी गल्ली वीस वर्षं कौतुकानं म्हणत आली होती. आता त्याला ते कौतुक वाटेना. जमिनीच्या कागदाला लागतंय असं सांगून त्यानं सूरजला लॅबमध्ये नेलं, सही घेतली आणि दोघांचं रक्त पुण्याला पाठवलं. पहिला रिपोर्ट आला तो असा: नमुना एक हा नमुना दोनचा पिता नाही, मात्र बापाकडून मुलाकडं जसा आहे तसा जाणारा पुरुषवंशाचा भाग दोघांचा एकच आहे.

म्हणजे बाप दुसरा, पण घरातलाच.

त्यावर सयाजी लॅबमध्ये गेला आणि "घ्या माझं बी रक्त, किती पायजे तेवढं घ्या," असं ओरडून दंड पुढं करून बसला. त्याचा रिपोर्ट आज संयोगितेच्या हातात होता.

"वाच की," जयसिंग म्हणाला.

"वाचते." ती थांबली. मग तिनं ते वाक्य दोनदा मनात वाचलं आणि एकदा मोठ्यानं. "नमुना एक आणि नमुना तीन हे एकाच व्यक्तीचे असल्याचे दिसते. नमुने पुन्हा घ्यावेत."

"म्हंजे?" बायडाबाईंनी विचारलं.

"म्हणजे भावजींचं रक्त आणि ह्यांचं रक्त एकाच माणसाचं आहे, आत्ती."

जयसिंग उठला.

"आलं ध्यानात. सया, माझ्यासंगं गाडी घेऊन कोण आलतं त्या दिवशी?"

"मीच आलतो. तुजा गुडघा धरला हुता म्हनून."

"आनि मी आत बसल्यावर तू कुठं हुतास?"

"भायेर चहा पीत हुतो. टपरीवाल्याला इचार जा."

"बाटली बदाललीस तू. माझ्या नावानं स्वतःचं रक्त दिलंस."

सयाजी हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "दादा, डोस्कं हाय का शेणाचा पो? माझं पाप झाकायला मी माझंच रक्त दिऊ व्हय? चोर स्वतःच्या घराचा पत्ता लिहून ठेवतोय व्हय?"

"फोटो काढतात तिथं," संयोगिता हळूच म्हणाली. "अंगठा घेतात. बाटलीवर आपल्यासमोर सही घेतात. एकट्यानं बदलता येणार नाही." ती नवऱ्याकडं बघत होती. "दोघांनी मिळून ठरवलं तर येईल."

"काय म्हनालीस?" सयाजीनं विचारलं.

"मी कुठं काय म्हणाले? खरं बाहेर येऊच नये असं दोघा भावांनी ठरवलं, तर असलाच रिपोर्ट येईल, एवढंच म्हणाले."

मीनाबाई स्वयंपाकघराच्या दारातून हे ऐकत होती. तिला वेगळाच संशय होता आणि तो तीन महिने ती जिरवत आली होती. तिला घालवून द्यायचं नवऱ्यानं मनाशी ठरवलं आहे, बाकी कागद हे निमित्त आहे, असं तिला वाटे. तेवीस वर्षं तिनं या घरच्या म्हशींचं शेण काढलं, कट्ट्यावर उभं राहून गिऱ्हाइकांच्या ओठांना लागलेला फेस पाहिला. पहिला रिपोर्ट आला त्या दिवशी नवऱ्यानं तिला काही विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर ती भांडली असती. तो फक्त माडीवर झोपायला गेला.

"तात्या, तो सगळा कागद मी बघू?" मनाली म्हणाली.

ती सयाजीची मुलगी, जयसिंगला तात्या म्हणायची. विद्यापीठात बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला होती आणि आतापर्यंत कोपऱ्यात गप्प बसली होती. बापावर आळ असताना आपण बोलावं की नाही, हे तिला कळत नव्हतं. तिनं रिपोर्टचं मागचं पान काढलं. त्यावर नुसते आकडे होते, तीन रकान्यांत, एकवीस ओळी. पहिलं पान सगळ्यांनी वाचलं होतं. या पानाकडं कुणी पाहिलं नव्हतं.

"ह्ये काय मटक्याचे आकडे हाईत व्हय?" सयाजीनं विचारलं.

"पप्पा, जरा थांबा. आजी, तुमची बोरमाळ धरू?"

बायडाबाईंनी मान पुढं केली. मनालीनं माळ काढली नाही, तशीच बोटांत धरली.

"समजा प्रत्येक माणसाच्या अंगात अशा दोन माळा आहेत. एक आईकडून आलेली, एक बापाकडून. माळ भयंकर लांब आहे. ती सगळी कुणी वाचत बसत नाही. लॅबवाले ठरावीक एकवीस जागा बघतात. त्या जागांवर एकच नक्षी पुन्हा पुन्हा येते, जसे हे एकसारखे मणी. कुणाच्यात ती बारा वेळा येते, कुणाच्यात पंधरा वेळा. ते मणी मोजायचे. दोन माळा, म्हणून प्रत्येक जागेला दोन आकडे."

"आनि?"

"सूरजच्या दोन आकड्यांतला एक काकीचा असणार आणि एक त्याच्या बापाचा असणारच. एखाद्या जागी मणी कमीजास्त होऊ शकतो. पण इथं पाच जागा अशा आहेत की तात्यांचा एकही आकडा सूरजकडं नाही."

"ते कळलं आम्हाला," जयसिंग कोरडेपणानं म्हणाला. "तीन म्हैनं झालं कळून."

"आता तिसरा रकाना बघा. पप्पांचा. पहिली ओळ, तात्यांचे बारा आणि पंधरा. पप्पांचे बारा आणि पंधरा. दुसरी ओळ, तीच. एकवीसच्या एकवीस." तिनं बोट तिसऱ्या रकान्यावरून सूरजच्या रकान्यावर नेलं. "म्हणजे पप्पांचे आकडेसुद्धा सूरजशी पाच ठिकाणी जुळत नाहीत. ज्या आकड्यांनी तात्या बाप नाहीत, त्याच आकड्यांनी पप्पाही नाहीत."

संयोगितेनं डोळे मिटले. आपला नवरा सुटला. पण शिकवायची सवय अशी की, ती एका उत्तरापाशी थांबू शकत नव्हती. पुरुषवंश तर याच घरचा. जयसिंग नाही, सयाजी नाही. मग तिसरा कोण? आणि तिची नजर, तिची इच्छा नसताना, कॉटच्या वरच्या भिंतीवर गेली. तिथं फेटा बांधलेल्या गणपतरावांचा हार घातलेला फोटो होता.

मीनाबाईनं ती नजर पाहिली. सासरा. नऊ वर्षांपूर्वी गेलेला सासरा, ज्याच्यापुढं ती कधी पदर खाली पडू देत नव्हती.

बायडाबाईंनीही पाहिली. त्यांनी हाताशी असलेली पानाची चंची उचलून फेकली. ती संयोगितेच्या खांद्याला लागून खाली पडली आणि सुपारी घरभर पांगली.

"मेलेल्या मानसाकडं बघतीस? माझ्या कुंकवाच्या धन्याकडं? शाळा शिकलीस म्हनून?"

"मी काही बोलले नाही, आत्ती."

"डोळं बोलालेत की तुजं!"

सूरज पायरीवरून उठला. "मी पाण्याच्या टाकीवरनं उडी टाकतो, म्हंजे सगळ्यांचं समाधान हुईल," असं म्हणाला आणि पुन्हा बसला. बावीस वर्षांचा मुलगा तो. गेले तीन महिने घरातली सगळी माणसं त्याचे कान, नाक, बोटं तपासत होती.

"सगळे गप बसा!" मनाली ओरडली. तिचा आवाज या घरात असा कधी चढला नव्हता, त्यामुळं सगळे खरंच गप्प बसले. "आजोबांचा इथं काही संबंध नाही. सूरजचा प्रश्न जरा बाजूला ठेवा. ह्या कागदावर त्याहून मोठं कोडं आहे. सख्ख्या भावांचे आकडे थोडे जुळतात, थोडे नाही. एकवीसच्या एकवीस जुळणारी दोन माणसं म्हणजे एकाच वेळची, अगदी एकसारखी जुळी. आजी, तात्या आणि पप्पा जुळे आहेत का?"

"खुळी का काय? चार वर्षांचं अंतर हाय. ह्यो झाला तवा त्यो कट्ट्यावर दूध मागत हिंडत हुता."

"मग नमुने खरंच वेगवेगळ्या माणसांचे असून आकडे एक कसे?" तिनं पानं उलटली. शेवटी लॅबच्या फॉर्मची झेरॉक्स जोडलेली होती. जयसिंगच्या वळणदार अक्षरात भरलेली. ती स्वतःशीच वाचू लागली. "मधुमेह, नाही. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवले आहे का, नाही. बोन मॅरो किंवा इतर अवयवाचे प्रत्यारोपण कधी झाले आहे का... नाही."

मनालीनं मान वर केली ती दुसरंच काही विचारायला. पण ते तिच्या तोंडातच राहिलं.

आजी, तात्या, काकी आणि पप्पा, चौघंही एकाच ठिकाणी बघत होती. मागच्या दारातून मोरीच्या कोपऱ्यातला तांब्याचा बंब दिसत होता. अंघोळीचं पाणी तापवायचा, जुना, आता वर्षातनं दोनदा पेटणारा. चार माणसं त्या विझलेल्या बंबाकडं बघत होती.

"बंबात काय आहे?" मनालीनं विचारलं.

बायडाबाईंनी पहिल्यांदा नजर काढून घेतली.

"काकी?"

मीनाबाई सासूकडं वळली. "आत्ती, शपथ तुम्ही सोडवा. न्हाईतर मी मोडतो."

"मीना, तोंड उघडशील तर..."

"तर काय? आनि काय व्हायचं राह्यलंय माझं?"

ते साल बायडाबाईंना कालच्यासारखं होतं. दोन हजार सात. जयसिंगच्या अंगावर काळेनिळे डाग उठले, हिरड्यांतून रक्त थांबेना, आणि मुंबईच्या डॉक्टरनं रक्ताचा कॅन्सर असं सांगितलं. त्यांची धाकटी मुलगी प्रियदर्शनी लग्नाची होती, पेठ वडगावच्या स्थळाशी बोलणी चालली होती. आणि घर चालत होतं ते कट्ट्यावर. संध्याकाळी माणसं रांगेनं उभी राहत, म्हशीच्या कासेतून थेट पेल्यात दूध घेत आणि तिथंच पीत. ज्या घरात कॅन्सर आहे त्या घरच्या म्हशीचं दूध कोण तोंडाला लावणार होतं? त्या वेळी त्यांना दुसरं काही सुचलं नव्हतं. त्यांनी चौघांना जोतिबाच्या डोंगरावर नेलं, आणि गुलालात हात घालून शपथ घ्यायला लावली, गणपतरावांसकट. कावीळ झाली होती असं सांगायचं. परत आल्यावर दवाखान्याची एवढी जाड फाईल त्यांनी स्वतः बंबात घातली. तीन दिवस त्या कागदांवर पाणी तापलं.

आता शपथ सोडवायचा धीर त्यांना होत नव्हता. भीती जोतिबाची वाटत होती, की शपथ मोडली तर लेकाला काही होईल याची, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

सयाजी उंबऱ्यावरून उठला. मधल्या खोलीत आला, सगळ्यांकडं पाठ केली आणि बंडी वर ओढून विजार कमरेवरून चार बोटं खाली सरकवली. पाठीच्या खाली, दोन्ही बाजूंच्या हाडांवर फिकट पांढरे ठिपके होते.

"शपथ बोलायची न्हवती," तो म्हणाला. "दावायची न्हवती असं कोन म्हनालंय?"

"ते मी पाहिलेत," संयोगिता म्हणाली. "कुस्तीच्या मैदानात खडे घुसले होते म्हणाला होतात."

"माझ्या पाठीला माती कुनी लावली हुती व्हय खडं घुसायला?"

धाकट्या मुलाच्या, आदर्शच्या वेळी संयोगिता बाळंतपणाला कुरुंदवाडला माहेरी होती. दीर आणि नवरा म्हशी आणायला रोहतकला गेलेत असा निरोप आला होता, आणि मग दिराला तिकडं कावीळ झाली असा. दोन महिन्यांनी एकही म्हैस न आणता सयाजी परत आला आणि त्यानंतर पुन्हा आखाड्यात उतरला नाही. हाडातलं रक्त दिलेला माणूस लढला तर मरतो, अशी आईनं धास्ती घेतली आणि त्यानं आईचं ऐकलं. सतरा वर्षं संयोगिता त्याला भांडणात ऐकवत आली होती, मैदान सोडून पळालेला गडी.

"पप्पा, तुम्ही तात्यांना बोन मॅरो दिला?"

"हाडातलं रगात दिलं. सुया घालून काढलं. पर आता त्याचं काय? सतरा वर्षं झाली, आटलं असंल की कवाच."

"नाही, पप्पा." मनाली खालीच बसली, सुपारीच्या तुकड्यांत. "साधं रक्त दिलं तर तीन-चार महिन्यांत संपतं. हे तसं नाही. मटणाची नळी फोडल्यावर आत मगज असतो, बघा. माणसाचं रक्त तिथं तयार होतं. तात्यांचा मगज औषधांनी पार मारून टाकला असणार आणि तिथं तुमचा घातला. तो तिथं रुजला. तेव्हापासून तात्यांच्या अंगात रोज जे रक्त तयार होतं, ते तुमच्या मगजाचं. आकडे तुमचे. रक्तगटसुद्धा तुमचा. तात्या, आजाराच्या आधी तुमचा गट कुठला होता?"

जयसिंगनं कपाळाला हात लावला. "म्हाईत न्हाई. त्या फाईलीत हुतं." मग तो म्हणाला, "डागदर म्हनाला हुता कायतरी. गट बदलंल म्हनून. मला तवा उलट्या हुत्या. कोन ऐकतंय."

"म्हणजे लॅबनं सूरजला तात्यांशी ताडून बघितलंच नाही. काकाच्या रक्ताशी बघितलं. काका तो काकाच निघाला. पुरुषवंश तेवढा जुळला, बाकी पाच ठिकाणी नाही."

"मंग त्यो फॉर्म?" बायडाबाईंनी विचारलं. "त्यात का लिवलं न्हाईस रं?"

जयसिंगनं आईकडं पाहिलं. विम्याच्या फॉर्मवर हा प्रश्न आला होता, तिथं त्यानं नाही लिहिलं. शिबिराच्या फॉर्मवर आला, तिथंही. लॅबमध्ये मुलाचा बाप कोण हे विचारायला गेला असतानासुद्धा, त्या ओळीपाशी त्याचा हात थांबला नव्हता. शिकवलेल्या बैलानं घरच्या वळणावर वळावं, तसा तो हात वळला होता.

"तूच लिवायला शिकीवलंस, आई," तो म्हणाला.

मीनाबाईला वाटलं, आता हा आपल्याकडं बघेल. त्यानं पाहिलं नाही. तो मनालीला विचारत होता, "ह्ये तू म्हनतीस. खरं कशावरनं?"

सयाजीनं बंडी खाली ओढली.

"केसावरून कळेल," मनाली म्हणाली, आणि तिलाही ते बोलताना वाईट वाटलं. "केसाच्या मुळातल्या पेशी मगजातून येत नाहीत. त्या अजून तुमच्याच आहेत, जन्मापासूनच्या. लॅबला सगळं खरं सांगून केस पाठवायचे. मुळासकट पाहिजेत."

जयसिंगच्या डोक्यावर केस फारसे उरले नव्हते. मनालीनं चिमट्यानं थोडे कानामागचे काढले आणि थोडे मिशीतले. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मिशीचा केस उपटला की कुणाच्याही येतं. केस तिनं कोऱ्या कागदात घडी करून पाकिटात ठेवले आणि जुन्या फॉर्मच्या झेरॉक्सच्या मागं नव्यानं प्रश्न लिहून पेन त्याच्या हातात दिलं.

प्रत्यारोपण कधी झाले आहे का? त्यानं लिहिलं, होय. अक्षर त्याचं वाटत नव्हतं.

"तारीख?" मनालीनं विचारलं.

त्याला आठवेना. आईकडं बघितलं, तिलाही नाही.

"एकवीस ऑगस्ट," दारातून मीनाबाई म्हणाली. "मंगळवार हुता. सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी पिशवी लावली. भावजींना तवा दुसऱ्या वॉर्डात उताणं झोपवलंतं, आनि ह्ये सूरजचं नाव घिऊन रडत हुते. पाच वर्सांचं हुतं माझं पोर. तवा ‘माझं कसं हुईल’ म्हनत न्हवते, ‘माझं पोर’ म्हनत हुते. लिव्हा."

त्यानं तारीख लिहिली.

"देणाऱ्याचं नाव आणि नातं," मनाली अगदी हळू म्हणाली.

सयाजी गणपतराव, एवढं त्यानं लिहिलं. नात्याच्या जागी तो थांबला. मग लिहिलं, भाऊ, आणि पेन ठेवलं. वर बघायचं धाडस त्याला झालं नाही. संयोगिता जमिनीवर गुडघे टेकून सुपारीचे तुकडे चंचीत गोळा करत होती, आणि नवऱ्याच्या पायापाशी आल्यावर तिनं तिथला एक तुकडा उचलला नाही, नुसता हात ठेवला.

"उठ की," सयाजी म्हणाला. "ल्वाक बघतील." तिथं परकं कुणी नव्हतं.

मीनाबाईनं पिशवी उचलली.

"अगं, आता कुठं चाललीस?" बायडाबाई म्हणाल्या. "झालं न्हवं सगळं? फिटलं न्हवं?"

"काय फिटलं, आत्ती? तुम्हांस्नी सतरा वर्सं म्हाईत. तीन म्हैनं मला रांडंवानी बघत हुतासा. एक शब्द बोलला न्हाईसा."

"मला काय ठाव, त्याचा ह्याला संबंध हाय म्हनून!"

"मलाबी ठाव न्हवतं. पर मी कुनावर संशेव घ्यायला गेलो न्हाई." ती जयसिंगकडं वळली. भांडायला उभी राहिलेली बाई जसं बोलेल तसं ती बोलत नव्हती. आवाज उलट खाली आला होता. "मी मलकापूरला भावाकडं जातो. केसाचा रिपोर्ट कवा येनार?"

"दहा-बारा दिवसांनी," मनाली म्हणाली.

"त्येच्या आत न्यायला आलासा, तर यीन. रिपोर्ट हातात घिऊन आलासा तर येऊ नगासा."

सूरजनं तिच्या हातातली पिशवी घेतली. बापाकडं त्यानं एकदा पाहिलं. मग चप्पल घालून तो आईच्या मागून गेला. दाराशी आकाराम उभाच होता. "चालला व्हय पावण्यांकडं?" असं त्यानं विचारलेलं आत ऐकू आलं.

बायडाबाईंनी हात पुढं केला.

"मनाली, त्ये पाकीट आन हिकडं. बंबात घालतो."

"आजी!" मनालीनं पाकीट छातीशी धरलं. "एवढं एक तरी राहू द्या."

गोठ्यात म्हशी ओरडू लागल्या होत्या. त्यांना वेळ कळते. सयाजी उठला, कासंडी घेतली आणि मागच्या दारानं निघाला. जयसिंगनं पुतणीच्या हातातल्या पाकिटाकडं पाहिलं. बारा दिवस थांबायचं होतं, की सगळं स्वच्छ होणार होतं. मणी मोजून, आकड्यांत. त्याला ते हवं होतं, आणि आपल्याला ते हवं आहे याची त्याला पहिल्यांदाच लाज वाटली.

"मलकापूरची यस्टी कितीला हाय?" त्यानं विचारलं. कुणा एकाला उद्देशून नाही.

उत्तर गोठ्यातून आलं, कासेवर पाणी मारल्याच्या आवाजासोबत.

"साडेपाचला. पळालास तर तिच्याच गाडीत बसशील. आजच्या धारा मी काढतो. उद्याचं मला इचारू नगस."